किडनीचा आजार आणि उठल्याबरोबर घसरणारं बीपी: घरी कसं मोजायचं, काय सांभाळायचं

पहाटे साडेचारला आप्पा मोरीच्या उंबऱ्यापाशी बसलेले सापडले. बसलेले म्हणजे भिंतीला पाठ घासत खाली आलेले. नळाची तोटी लागून कपाळाला खोक पडली होती. "काही नाही गं, जरा अंधारी आली," एवढंच म्हणाले. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात खुर्चीत बसवून त्यांचं बीपी घेतलं होतं, १५२/८२, आणि बीपीची चौथी गोळी सुरू झाली होती. उभं करून मात्र तिथं कुणी मोजलं नाही. घरात मशीन होतं, तरी आम्हालाही ते सुचलं नव्हतं.

आप्पांना बावीस वर्षांचा मधुमेह, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्तातला आकडा, तेव्हा तीनच्या वर. त्या खोकेनंतर मी वही घातली. अशा माणसाच्या बीपीचा एकच आकडा धरून चालत नाही, आडव्याचा वेगळा आणि उभ्याचा वेगळा, हे त्या वहीनं शिकवलं. मी डॉक्टर नाही. गोळी वाढवणं, कमी करणं हे डॉक्टरांचंच काम. पण आकडे त्यांच्यासमोर नेऊन ठेवणं हे घरच्यांचं काम आहे, आणि ते कसं करायचं तेवढं इथं सांगते.

उठल्यावर शरीरात काय होतं

आपण आडवे असताना रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. डोक्याकडचा दाब पडायला हवा, पण निरोगी माणसाला ते कळतही नाही, कारण शरीरात एक राखणदार बसलेला आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्या जिथं दुभागतात तिथं, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, भिंतीला किती ताण बसतोय हे ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब कमी झाला की भिंत कमी ताणली जाते, मेंदूच्या देठाला निरोप जातो, आणि काही सेकंदांत नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दाब वाढला की याच्या उलट. याला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात.

आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, क्षारानं भरलेलं. टाकीतल्या बॉलकॉकवर दर वर्षी पांढरा थर चढतो आणि तो अडकतो. मग कधी टाकी वाहते, कधी कोरडी पडते. किडनीच्या जुन्या आजारात बऱ्याच अंशी असंच होतं. फॉस्फरस वाढलेला असतो, कॅल्शियम धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं, भिंत कडक होते. कडक भिंत ताणलीच जात नाही, त्यामुळं निरोप अर्धवट जातो. त्यात मधुमेहानं आणि रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांनी निरोप नेणारे मज्जातंतूही दुबळे होतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. आजारी किडनी गप्प बसत नाही, ती मेंदूला सतत चिथावणी देत राहते. १९९२ साली अमेरिकेत डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई घालून, रक्तवाहिन्या आवळायला सांगणारे संदेश थेट मोजले. ते निरोगी माणसांपेक्षा खूप जास्त होते. पण ज्यांच्या दोन्ही मूळ किडन्या आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात ते वाढलेले नव्हते.

म्हणून एकाच माणसाचं बीपी झोपल्यावर १७० आणि उठल्यावर ११५ असू शकतं. एकीकडं गाडीचा ॲक्सिलरेटर सतत दाबलेला, आणि ऐन वेळी तो कमी-जास्त करणारा पाय बधिर. रात्री सगळ्यांचं बीपी थोडं उतरतं, या मंडळींचं बहुतेक वेळा तेही उतरत नाही. किडनी बदलल्यावर यात सुधारणा होते असं दिसलेलं आहे, पण कडक झालेल्या धमन्या पुन्हा पूर्ण मऊ होत नाहीत.

मशीन आणि वही

मशीन दंडाला पट्टा बांधायचंच घ्या. मनगटाचं स्वस्त मिळतं, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. दंडाचा घेर टेपनं मोजून त्या मापाचा पट्टा घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. एकदा घरचं मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहा.

ज्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेली आहे, त्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, आणि कुठल्याही नव्या दवाखान्यात गेलात तर तिथल्या नर्सलाही, न लाजता सांगा.

वहीत रकाने असे: तारीख, वेळ, आडवं बीपी आणि नाडी, उभं १ मिनिट, उभं ३ मिनिटं, काय वाटलं, शेवटची गोळी कधी घेतली. डायलिसिस असेल तर त्या दिवसापुढं ठळक खूण.

मोजायची रीत

घाईनं एकदा मोजून काही कळत नाही. सलग चार-पाच दिवस करा, दिवसातून दोनदा: सकाळी चहा-गोळ्यांच्या आधी, आणि दुपारी जेवणानंतर तासाभरानं. पडण्याचा इतिहास असेल तर दुसरं माणूस जवळ असल्याशिवाय मोजायला उभं करू नका, आणि मागं खुर्ची ठेवा.

१. आधी लघवीला जाऊन यायचं. मग पाठीवर सपाट झोपून पाच मिनिटं गप्प पडायचं. मोबाईल नाही, टीव्ही नाही. आप्पांना या पाच मिनिटांत हमखास शेजाऱ्यांच्या भानगडी आठवतात. बोलताना बीपी वाढतं, तेव्हा हे कठोरपणे बंद करा.

२. आडवं असतानाच एकदा मोजा, एक मिनिट थांबून पुन्हा. दुसरा आकडा लिहा. नाडीचा आकडा विसरू नका, पुढं तो फार उपयोगी पडतो.

३. पट्टा तसाच ठेवून उभं करा. उठताना वाटलं तर क्षणभर काठावर बसू द्या. बसल्या-बसल्याच गरगरलं तर तिथंच मोजा, लिहा, आणि परत झोपवा. उभं करायचा हट्ट नको.

४. उभं राहिल्यापासून घड्याळ लावा. एक मिनिट झालं की बटण दाबा. तीन मिनिटं झाली की पुन्हा.

५. यात एक चूक जवळपास सगळे करतात. उभं असताना हात खाली लोंबता ठेवतात. हात हृदयाच्या पातळीखाली गेला की बीपी खरं असतं त्याहून जास्त दिसतं, आणि जी घसरण शोधायची तीच लपते. मी समोर उभी राहून आप्पांच्या कोपराखाली माझा हात धरते, पट्टा छातीच्या मधोमध येईल इतका वर. त्यांनी हात स्वतः ताणून धरायचा नाही, सैल सोडायचा.

६. काय वाटतंय ते त्यांच्याच शब्दांत लिहा. फक्त चक्करच येते असं नाही. डोळ्यांपुढं धुरकट, पायातलं बळ गेलं, मान आणि खांदे भरून आले, कानात गुणगुण, हे सगळं त्याचंच असू शकतं. आणि कितीतरी वयस्कर माणसांना काहीच वाटत नाही, एकदम पडतात.

नाडी अनियमित चालत असेल तर मशीनचे आकडे उड्या मारतात. अशा वेळी तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

आकड्यांचा अर्थ

आमच्या वहीचं पहिलं पान असं आहे: आडवं १६८/८४, नाडी ७२. एक मिनिट १३२/७४, नाडी ७६. तीन मिनिटं १२६/७०, नाडी ७७. पुढं माझ्या अक्षरात "मान धरली म्हणाले".

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर ती घसरण खरी मानतात. आडव्याचं बीपी आधीच खूप चढलेलं असेल तर वरच्या आकड्याला ३० ची घसरण धरावी असं तज्ज्ञ म्हणतात. आप्पांचा वरचा आकडा ४२ नं उतरला होता.

आता नाडी पाहा. बीपी एवढं पडलं तर नाडी चांगली दहा-पंधरानं तरी उसळायला हवी होती. ती वाढली फक्त पाचनं. बीपीची घसरण ४२, नाडीची वाढ ५, म्हणजे भागाकार साधारण ०.१२. हा भागाकार ०.५ पेक्षा कमी आला तर दोष मज्जातंतूंच्या निरोपात असण्याचा संशय बळावतो. नाडी भरपूर वाढूनही बीपी पडत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय, रक्त कमी झालंय किंवा गोळी जास्त होतेय, असा विचार आधी होतो. पण मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉलसारखी नाडी धरून ठेवणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर हे गणित लागू पडत नाही. आप्पांना अशी गोळी नव्हती म्हणून आम्हाला त्यातून काही कळलं.

डॉक्टरांना आणखी खोलात जायचं असेल तर मज्जातंतूंच्या साध्या तपासण्या असतात. मिनिटाला सहा या संथ लयीत दीर्घ श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात. श्वास घेताना आणि सोडताना नाडीत १५ किंवा जास्त फरक पडला तर ठीक, १० किंवा त्याहून कमी असेल तर बिघाड. वय वाढेल तसा हा फरक मुळातच कमी होतो, हे मात्र ध्यानात ठेवायचं. सुई नाही, दुखणं नाही, दहा मिनिटांचं काम.

वही घेऊन डॉक्टरांकडं

फोनवर "बीपी लो होतंय" एवढंच सांगितलं तर काही साधत नाही. चार दिवसांची पानं दाखवा, आणि पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा. सगळ्या म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्यासुद्धा. आमच्याकडं गोम तिथंच निघाली. बीपीसाठी प्राझोसिन चालू होती, आणि लघवीची धार बारीक म्हणून दुसरीकडून टॅम्सुलोसिन. दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, आणि दोन्ही रात्री झोपताना. मग पहाटे साडेचारला मोरीत काय होणार?

या दोन्हींखेरीज लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (फ्रुसेमाइड, टॉर्सेमाइड), क्लोनिडिन, छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेटच्या गोळ्या, मन शांत करणाऱ्या आणि झोपेच्या काही गोळ्या यांवरही डॉक्टरांची नजर जायला हवी. आपण होऊन मात्र एकही बंद करायची नाही. क्लोनिडिन एकदम सोडली तर बीपी उलट उसळून धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

आणखी एक समज काढून टाका. उठल्यावर बीपी पडतं म्हणजे बीपीच्या गोळ्याच नकोत, असं नाही. किडनी वाचवायची तर चढलेलं बीपी उतरवावंच लागतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसवर नसलेल्या किडनी रुग्णांसाठी वरचा आकडा १२० च्या आत आणावा असं म्हटलंय, पण तो नीट पद्धतीनं मोजलेला हवा आणि रुग्णाला सोसत असेल तरच. ते सोसतंय की नाही, हे तुमच्या वहीतला उभ्याचा रकाना सांगतो. आमच्या डॉक्टरांनी दोनांतली एक गोळी बदलली, एकीची वेळ हलवली, चौथी तूर्त थांबवली. तीन आठवड्यांनी घसरण ४२ वरून १८ वर आली. आडव्याचं बीपी अजून हवं तितकं उतरलेलं नाही, ते काम चालू आहे.

मिठाचा सल्ला, आणि तो आपल्यासाठी का नाही

उठल्यावर चक्कर येते म्हटलं की जो तो एकच सांगतो: लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, ओआरएस प्या, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. ज्याच्या किडन्या धडधाकट आहेत त्याला हे चालेल. किडनीच्या रुग्णाला जास्तीचं मीठ म्हणजे वाढलेलं बीपी, पायांवर सूज, आणि छातीत पाणी. ओआरएसमध्ये पोटॅशियम असतं. बाजारात "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधव हेही मीठच, उपवासाला चालतं म्हणून किडनीला चालत नाही.

दिवसाचं मीठ साधारण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. यात भाकरीतलं, आमटीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, चहाबरोबरच्या खारीतलं सगळं आलं. पाणी किती, ते लघवी किती होते यावर डॉक्टर ठरवतील.

उठण्या-बसण्याची शिस्त

सकाळची वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडल्याबरोबर उठायचं नाही. पडल्या-पडल्या पावलं दहा-पंधरा वेळा वरखाली हलवायची, मुठी आवळायच्या. मग कुशीवर वळून काठावर बसायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं. मग काहीतरी धरून उभं राहायचं आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी मनात वीस मोजायचे. आप्पांनी वीसऐवजी एक श्लोक धरलाय. वेळ तेवढाच लागतो आणि चुकत नाही.

अंधारी येतेय असं वाटलं तर एका पायावर दुसरा पाय तिढ्यासारखा अडकवून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे. पायातलं रक्त वर ढकललं जातं. जमलं नाही तर लाज न बाळगता आहे तिथं खाली बसायचं. रस्त्यात असलात तरी.

रात्री पुरुषांनी लघवी बसून करावी. त्याहून बरं म्हणजे पलंगाशेजारी लघवीचं भांडं. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट घाला. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, मान तेवढी वाकते. उसं उंच असलं की रात्रीचं चढलेलं बीपी थोडं उतरतं आणि सकाळची घसरणही कमी होते.

आंघोळ कढत पाण्यानं नको. बंबातलं वाफाळतं पाणी अंगावर घेतलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं, कडी न लावता. देशी संडास असेल तर बाजूला धरायला दांडी बसवा, कारण उकिडवं बसून उठणं आणि कुंथणं दोन्ही बीपी पाडतात.

जेवणानंतर रक्त पोटाकडं वळतं. पुरणपोळीच्या पोटभर जेवणानंतर तासाभरात उठून चालू लागलं की गडबड होते. थोडं-थोडं चार वेळा खावं, जेवल्यावर अर्धा-पाऊण तास टेकून बसावं.

पायांचे घट्ट मोजे आणि पोटाचा पट्टा उपयोगी पडतात, त्यातही पोटाचा पट्टा जास्त. मधुमेहींनी मात्र पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत.

मे महिन्यात वही जास्त वेळा उघडा. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा, "लघवीची आणि बीपीची गोळी आज द्यायची का?" अशा दिवशी त्या गोळ्या बहुधा तात्पुरत्या थांबवायला सांगतात.

बेशुद्धी, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा जीभ जड होणं, काळी डांबरासारखी शौच, थंडी वाजून ताप येऊन बीपी पडणं, यांपैकी काहीही झालं तर मोजमाप बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

डायलिसिसच्या दिवशी

आप्पांचं डायलिसिस गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं, आणि हा सगळा प्रश्न नव्यानं उभा राहिला. मशीन चार तासांत अंगातलं जास्तीचं पाणी काढतं. रक्तातून पाणी निघतं तेवढ्या वेगानं ते सुजेतून रक्तात परत आलं पाहिजे, आणि मधल्या काळात रक्तवाहिन्यांनी आवळून दाब धरून ठेवला पाहिजे. हे दुसरं काम करणारा राखणदारच बिघडलेला. मग तिसऱ्या तासाला जांभया, मळमळ, पायात गोळे, आणि बीपी ९०.

इथं घरच्यांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, दोन डायलिसिसमध्ये वाढणारं वजन. पाणी काढण्याचा वेग तासाला किलोमागं १३ मिलिलिटरच्या वर गेला तर धोका वाढतो. हिशोब करून पाहा. ६० किलोचा माणूस, चार तास: १३ × ६० × ४ म्हणजे ३१२० मिलिलिटर. म्हणजे वजन तीन किलोच्या वर वाढवून आणलं की मर्यादा ओलांडलीच. अशा वेळी "आज सगळं पाणी काढून टाका" असा आग्रह टेक्निशियनला करू नका. वेळ वाढवता येईल का, किंवा जास्तीची एक पाळी लावता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

सकाळची बीपीची गोळी डायलिसिसच्या आधी घ्यायची की नंतर, हे प्रत्येक गोळीचं वेगवेगळं विचारून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. बीपी पडणाऱ्यांनी मशीनवर असताना डबा उघडू नये, आधी किंवा नंतर खावं. यंत्रातलं द्रावण अर्धा-एक अंश थंड ठेवलं तर रक्तवाहिन्या आवळून राहतात आणि बीपीची घसरण कमी होते. हा बिनखर्चाचा उपाय आहे, आपण होऊन विचारा. आप्पांना थंडी वाजते म्हणून आम्ही घरची गोधडी नेतो, पण पाय झाकून फिस्टुलाचा हात उघडाच, कारण सुई निसटली तर दिसली पाहिजे.

सुया काढल्यावर लगेच वजनकाट्याकडं धावायचं नाही. दहा मिनिटं खुर्चीतच पाय खाली सोडून बसायचं, मग उभ्यानं बीपी मोजून घ्यायचं, आणि ते बरं असेल तरच निघायचं. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असला तरी.

बीपी फार पडलं त्या दिवशी आणखी एक काळजी असते. दाब कमी झाला की फिस्टुलात रक्त साकळून तो बंद पडू शकतो. म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी मी आप्पांच्या फिस्टुलावर दोन बोटं ठेवते. आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही, तर सकाळ व्हायची वाट न बघता त्याच वेळी डायलिसिस युनिटला फोन करायचा.